नर्सिंग संस्थेला सभागृह देण्याआधी: कोकणातील कनिष्ठ महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, संस्थाचालक आणि बारावीचे वर्गशिक्षक,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व कनिष्ठ महाविद्यालये

स. न. वि. वि.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवर एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यक्रमाची पत्रिका आली. बारावीच्या निकालानंतर मुलींसाठी करिअर मार्गदर्शन शिबिर ठेवले आहे, असे तिच्यात लिहिले होते. मार्गदर्शक म्हणून ज्या नर्सिंग संस्थेची माणसे येणार आहेत, त्याच संस्थेने दोन वर्षांपूर्वी त्याच सभागृहातून माझ्या पुतणीसह अकरा मुलींचे प्रवेश घेतले होते. त्या अकरांपैकी एकीचीही राज्याच्या परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी झालेली नाही आणि त्या प्रमाणपत्रावर ती कधी होणारही नाही, कारण त्या संस्थेला नर्सिंग शिकवण्याची मान्यताच नाही. हे मी गेल्या वर्षी त्या महाविद्यालयाला लेखी कळवले होते. तरीही पत्रिका निघाली. म्हणून यंदा एकाच महाविद्यालयाला न लिहिता हे पत्र आपणा सर्वांना उद्देशून, आणि पालकांनाही वाचता यावे अशा रीतीने उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे किंवा महाविद्यालयाचे नाव येथे घेत नाही; नावानिशी तक्रार जिथे द्यायची तिथे दिलेली आहे.

मी कोण, हे सांगणे आवश्यक आहे. मी १९८८ साली उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले आणि २०२१ साली आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. मी शिकले तेव्हा एएनएमचा (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम दहावीनंतर दीड वर्षाचा होता. आज तो बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. तेहतीस वर्षे मी बाळंतपणे केली, लसी टोचल्या, पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचे रुग्ण शोधत साकव ओलांडून वाड्या-वाड्यांवर फिरले. ज्या घरात एवढे नर्सिंग पाहिले गेले, त्याच घरातली मुलगी फसली. त्याचे कारण मी लपवणार नाही. माझा भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, आहे. त्याने मला फोन करून विचारले होते की संस्था बरी आहे का. मी उत्तर दिले, “कॉलेजने बोलावली आहे ना, मग बघूनच बोलावली असेल.” मी एक यादीसुद्धा उघडून पाहिली नाही. माझ्या या चुकीची जबाबदारी माझीच आहे, पण ती ज्या विश्वासातून झाली, तो विश्वास आपल्या महाविद्यालयांवरचा होता, आणि गावोगावच्या पालकांचा तो आजही आहे.

त्या दिवशी सभागृहात काय घडले, हे मी पुतणीकडून आणि तिच्या दोन मैत्रिणींकडून तपशिलाने ऐकले आहे. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातल्या मुलींची छायाचित्रे दाखवली गेली. ‘भारत सरकार नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘शंभर टक्के नोकरी’ अशी वाक्ये वाचून दाखवली गेली. आपल्याच एका शिक्षकांनी आभार मानताना मुलींना सांगितले की जागा मर्यादित आहेत, उशीर करू नका. चौथ्या दिवशी भावाने साठ हजार रुपये रोख भरले. त्यातले चाळीस हजार पतसंस्थेचे होते आणि उरलेल्यासाठी वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. दुसरा हप्ता पंचवीस हजारांचा होता आणि तो जूनमध्ये मागितला गेला. १ जूनपासून मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात आणि खलाशाच्या घरात त्या दिवसांत एक रुपयाही येत नाही. तरी तोही हप्ता भरला गेला. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. त्यांवर ‘शुल्क’ असा शब्द कुठेही नाही. ‘संस्थेस ऐच्छिक देणगी’ असे छापलेले आहे.

वर्ग तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या वरच्या खोलीत भरत असे. एक पुतळा, एक रक्तदाब मोजायचे यंत्र आणि भिंतीवर शरीराचे दोन तक्ते, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. प्रात्यक्षिकासाठी मुलींना दहा खाटांच्या एका खासगी दवाखान्यात पाठवले जाई. तिथे त्यांनी केसपेपर काढले, लादी पुसली आणि रात्रपाळ्या केल्या. त्या कामाचे पैसे त्यांना मिळाले नाहीत, कारण ते त्यांचे ‘शिक्षण’ होते.

गेल्या वर्षी एका भरतीची जाहिरात आली तेव्हा पुतणी तिचे प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली. जाड कागद, सोनेरी शिक्का, चकाकणारा होलोग्राम आणि वर ठळक अक्षरांत ‘डिप्लोमा इन प्रॅक्टिकल नर्सिंग’. डाव्या कोपऱ्यात ‘रजि. नं.’ म्हणून जो क्रमांक होता, तो त्या संस्थेच्या न्यासाच्या नोंदणीचा होता. मी तिला विचारले, “परिषदेचा नोंदणी क्रमांक कुठे आहे?” तिला प्रश्नच समजला नाही. मग मी माझे जुने रक्तदाबाचे यंत्र काढले आणि हात पुढे करून माझा रक्तदाब मोजायला सांगितला. तिने पट्टा ब्लाऊजच्या बाहीवरूनच गुंडाळला, स्टेथोस्कोप कोपराच्या भलत्याच बाजूला टेकवला, हवा भरली, सोडली आणि वहीत लिहिले, १२०/८०. मी गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेते. त्या सकाळी माझा रक्तदाब १५८/९४ होता. मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती म्हणाली, “आत्या, आमका असांच शिकवल्यानी.” त्या दवाखान्यात रात्रपाळीला ती वर्षभर असेच आकडे लिहीत होती.

म्हणूनच हा प्रश्न फक्त बुडालेल्या पैशांचा आहे असे मी मानत नाही. इन्सुलिन एका मिलीलिटरला ४० युनिटचे असते आणि १०० युनिटचेही असते, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजने खुणेप्रमाणे ओढले, तर रुग्णाच्या अंगात अडीच पट मात्रा जाते. आपल्या कोकणात विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाब उतरवणारी गोळी देतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही उपचारपद्धत जगापुढे मांडली आणि तिने कितीतरी पोरे वाचली. पण ती गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उठू द्यायचे नसते, त्याचा रक्तदाब आणि नाडी पुन्हा पुन्हा पाहायची असते, आणि हे पाहणारी बहुधा सिस्टरच असते. ती १२०/८० लिहून मोकळी झाली, तर डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचा निर्णय घेणार. पुढे काय होईल, ते मला लिहवत नाही.

आता आपल्याविषयीच्या माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आपण सभागृह देता, पण त्याचा अर्थ काय होतो, हे मान्य करत नाही. मी गेल्या वर्षी भेटायला गेले, तेव्हा मला उत्तर मिळाले की आम्ही फक्त जागा दिली होती, शिफारस केली नव्हती. ज्या घरातून शिक्षण घेणारी ती पहिलीच मुलगी आहे, त्या घराला जागा देणे आणि शिफारस करणे यांतला फरक कसा कळावा? प्राचार्य व्यासपीठावर बसलेले, शिक्षक आभार मानणारे, मागे महाविद्यालयाचा फलक. याहून मोठी शिफारस आमच्या गावात कोणती असते?

दुसरी तक्रार अशी की मुलींचे दूरध्वनी क्रमांक त्या संस्थेपर्यंत महाविद्यालयाच्या यादीतून गेले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी प्रत्येक घरी फोन आला आणि फोन करणाऱ्याला मुलीचे नाव, शाखा आणि वडिलांचा व्यवसायही माहीत होता. ही यादी कोणी दिली, हे मी लेखी विचारले होते. उत्तर आलेले नाही.

तिसरी तक्रार वेळेची आहे. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल येतो आणि आपण त्याचा योग्य तो अभिमान बाळगता. पण बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची सीईटी असते आणि तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरायचे असतात, हे माझ्या पुतणीच्या वर्गात कोणीही सांगितले नव्हते. जुलै २०२४ मध्ये शासनाने असा निर्णय केला की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळेल. पण त्यासाठी प्रवेश मान्यताप्राप्त महाविद्यालयात आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. दुकानावरच्या खोलीत देणगी भरून घेतलेला प्रवेश त्यात बसत नाही. गहाण पडलेल्या पाटल्यांचा विचार मनात आला की मला हेच सर्वांत जास्त लागते.

मान्यता तपासणे अवघड आहे, असे मला काही शिक्षकांनी सांगितले. ते खरे नाही. माझ्या भाच्याच्या मोबाईलवर मला वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे कशी घालवायची, ते पालकांसाठीही लिहिते.

आधी अभ्यासक्रमाचे नेमके नाव विचारावे. परिचारिका म्हणून नोंदणी होते ती तीन वाटांनी: एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात कोणीही नर्स होत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट हा रुग्णाच्या सेवेचा अल्प मुदतीचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. त्यात कमीपणा काही नाही आणि तो शिकून प्रामाणिक रोजगार मिळतो. पण ती मुलगी सहाय्यक असते, परिचारिका नव्हे, आणि सहाय्यकाचे शिक्षण नर्सिंग म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ‘बारावी नापास चालेल’, ‘हजेरीची सक्ती नाही’, ‘परीक्षेचे आम्ही बघू’ असे जिथे सांगितले जाते, तिथून उठून यावे. जीएनएमला बारावी, इंग्रजी विषयासह, किमान ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावे लागते.

मग मान्यता पाहावी, आणि ती कोणाची हे नीट पाहावे. न्यासाची नोंदणी, आयएसओ, उद्यम प्रमाणपत्र, यांपैकी कशानेही नर्सिंग शिकवण्याचा अधिकार मिळत नाही. पतपेढीला आणि मसाल्याच्या कारखान्यालाही तशी कागदपत्रे मिळू शकतात. लागतो तो शासनाच्या परवानगीचा आदेश आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता. ही परिषद महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ प्रमाणे काम करते आणि नोंदणीही तीच करते. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बी.एस्सी.ची पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. नावात ‘ऑल इंडिया’ आणि ‘कौन्सिल’ असे शब्द असणारी, पण यांपैकी कोणतीही नसलेली संस्था परीक्षा घेत असेल, तर त्या प्रमाणपत्राने नोंदणी होत नाही. परिषदेच्या यादीत नुसते नाव सापडले म्हणून थांबू नये. त्याच अभ्यासक्रमाला, त्याच शैक्षणिक वर्षासाठी, त्याच पत्त्यावर मान्यता आहे का आणि किती जागांना आहे, हे चारही पाहावे, कारण मान्यता एएनएमची घेऊन जीएनएमचे प्रवेश करणे किंवा एका गावची मान्यता दाखवून दुसऱ्या गावी वर्ग भरवणे शक्य असते. सिंधुदुर्गातल्या मुली गोवा आणि कर्नाटकातही जातात. तिथे त्या त्या राज्याच्या परिषदेची यादी पाहावी, शिवाय १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेचीही पाहावी, नाहीतर परत आल्यावर इथल्या नोंदणीत अडचण उभी राहते. यादीचा उलगडा झाला नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून राज्य परिषदेला विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते.

आणि प्रत्यक्ष जाऊन पाहावे. जीएनएमच्या संस्थेला निकषाप्रमाणे १०० खाटांचे मूळ रुग्णालय लागते, प्रत्येक विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण शिकायला मिळावेत असे प्रमाण आहे आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. पायाभूत परिचर्या, प्रसूती, आहारशास्त्र, सामाजिक आरोग्य यांच्या वेगळ्या प्रयोगशाळा लागतात. हे मोजायला परिचारिकाच असावे लागते असे नाही; ज्या बापाला ट्रॉलरवरचे बर्फाचे खण मोजता येतात, त्याला वॉर्डातल्या खाटाही मोजता येतात. मागच्या तुकडीतून बाहेर पडलेल्या एका मुलीला गाठून तिचे परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे. अशी एकही मुलगी संस्थेला दाखवता येत नसेल, तर तिथे पैसे भरू नयेत. पैसे भरायचे ते संस्थेच्या बँक खात्यात, पावती शुल्काचीच घ्यावी आणि गुणपत्रिकेची मूळ प्रत कोणाकडेही ठेवू नये. माझ्या पुतणीची मूळ गुणपत्रिका परत मिळवायला पाच महिने आणि चौदा फेऱ्या लागल्या.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्या महाविद्यालयाने वर उल्लेखिलेला कार्यक्रम ठेवला आहे, त्याने तो तात्काळ रद्द करावा, किंवा त्या संस्थेच्या मान्यतेचे आदेश कार्यक्रमाआधी आठ दिवस सूचना फलकावर लावावेत. आदेश असतील तर मी स्वतः जाहीर माफी मागेन.

यापुढे कोणत्याही नर्सिंग संस्थेला, ती कितीही नामवंत असो, सभागृह देण्याआधी शासनाची परवानगी, परिषदेची चालू वर्षाची मान्यता, मंडळाची किंवा विद्यापीठाची संलग्नता आणि रुग्णालयाचा कागद, ही चारही कागदपत्रे घ्यावीत, मूळ यादीशी ताडून पाहावीत आणि ‘तपासले’ अशी प्राचार्यांची तारखेसह सही असलेली प्रत फलकावर लावावी. सही करायला मन धजत नसेल, तर सभागृह देऊ नये.

विद्यार्थिनींचे क्रमांक आणि पत्ते पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नयेत.

नर्सिंगची माहिती निकालानंतर नव्हे, डिसेंबरमध्ये द्यावी, आणि ती कार्यरत सिस्टरने किंवा शासकीय परिचर्या विद्यालयाच्या शिक्षिकेने द्यावी. आमच्यासारख्या निवृत्त सेविका प्रत्येक तालुक्यात आहेत; प्रवासखर्चही न घेता आम्ही येऊ.

जिल्हा प्रशासनाकडे माझी एवढीच विनंती आहे की मान्यताप्राप्त संस्थांची तालुकावार यादी दरवर्षी एप्रिलमध्ये स्थानिक वृत्तपत्रांत, ग्रामपंचायतींत आणि एसटी स्थानकांवर लावावी. अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रम यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्यात २०१३ पासून आहे. त्याचा वापर करण्यासाठी एखाद्या मुलीच्या तक्रारीची वाट पाहू नये, कारण फसलेली मुलगी सहसा तक्रार करत नाही. ती घरात तोंड लपवून बसते. माझी पुतणी तीन महिने तशी बसली होती. हे पत्र तिने वाचले आहे आणि तिच्या संमतीनेच ते प्रसिद्ध होत आहे.

त्या अकरा मुलींसाठी महाविद्यालयाने आता उभे राहावे, हीही माझी मागणी आहे. ज्यांच्या साक्षीने त्यांनी पैसे भरले, त्यांनी तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करावी. एएनएमला पस्तिशीपर्यंत प्रवेश मिळतो, त्यामुळे या मुलींची वाट बंद झालेली नाही. पण पुन्हा अर्ज करायचा तर पतसंस्थेचे आधीचे हप्ते डोक्यावर आहेत, आणि ते फेडण्यासाठी पैसे परत मिळणे आवश्यक आहे.

या पत्राचे लेखी उत्तर कार्यक्रमापूर्वी मिळाले तर मी आभारी राहीन. ते न मिळाल्यास पत्रिकेत छापलेल्या दिवशी सकाळी मी आणि माझी पुतणी सभागृहात पहिल्या रांगेत बसू. रक्तदाबाचे यंत्र आणि परिषदेच्या यादीची छापील प्रत आमच्याबरोबर असेल, आणि प्रश्न विचारण्याची वेळ आली की पुतणी मान्यतेचा आदेश पाहायला मागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
जि. सिंधुदुर्ग